बफेलोंतील साबणवाल्यांची कचेरी

राजवाडे, देवालयें आणि किल्ले यांचा इतिहास लिहिण्याची व वाचण्याची आपणांस संवय आहे. कचेरीचा इतिहास लिहावा असें मात्र सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. जेथें सकाळीं दहा वाजतां जावयाचें, मान मोडून आंकडे मांडावयाचे आणि संध्याकाळीं घड्याळाकडे पाहात उठावयाचें, त्या जागेला इतिहास तो कसला, असेंच बहुतेकांस वाटतें. आणि ज्यांनीं तेथें जन्म काढला त्यांस तर तें अधिकच वाटतें. परंतु गेल्या शंभर-सव्वाशें वर्षांत सुशिक्षित मध्यमवर्गाच्या जागेपणींच्या आयुष्याचा मोठा वांटा जर कोठें खर्च झाला असेल, तर तो कचेरींत झाला आहे. मग ती जागा कशी असावी, तिच्यांत उजेड कोठून यावा, वारा कसा खेळावा, साहेबानें कोठें बसावें आणि कारकुनानें कोठें, याचा मुळापासून विचार कोणी केला होता कीं नाहीं?

हा प्रश्न मनांत आला म्हणजे अमेरिकेंतील बफेलो शहराकडे वळावें लागतें. हें शहर न्यूयॉर्क संस्थानाच्या पश्चिम टोंकास, एरी सरोवराच्या कांठीं आहे. तेथें विटांचा एक एकटाच खांब उभा आहे आणि भोंवतीं मोटारी उभ्या करण्याची सपाट जागा आहे. ज्यास पूर्ववृत्त ठाऊक नाहीं त्यास हा एखाद्या पाडलेल्या कुंपणाचा अवशेष वाटावा, आणि तो तसा आहेहि. परंतु ज्या इमारतीच्या कुंपणाचा तो अवशेष, तिच्या छायाचित्रांचा व नकाशांचा युरोपांतील वास्तुशिल्पज्ञ एके काळीं बारकाईनें अभ्यास करीत असत. ती इमारत म्हणजे लार्किन कंपनीची कचेरी. फ्रँक लॉईड राईट या वास्तुशिल्पज्ञानें तिचे आराखडे तयार केले, १९०४ सालीं बांधकाम सुरू झालें, १९०६ सालीं तें पुरें झालें, आणि १९५० सालीं ती जमीनदोस्त करण्यांत आली. चव्वेचाळीस वर्षें हें माणसाचें देखील पुरतें आयुष्य नव्हे. मग विटा-पोलादाच्या, आगीला दाद न देणाऱ्या इमारतीचें तें कसें असावें?

लार्किन कंपनीचा धंदा साबणाचा. जॉन डी. लार्किन यानें तो १८७५ सालीं बफेलोस सुरू केला. एल्बर्ट हबर्ड हा त्याचा मेहुणा व भागीदार. विक्रीच्या युक्त्या काढण्यांत त्याचा हात धरणारा माणूस मिळणें कठीण होतें. प्रारंभीं इतर साबणवाल्यांप्रमाणें यांचाहि माल दुकानदारांमार्फत व फिरत्या विक्रेत्यांमार्फत खपे. पुढें या सर्व मधल्या मंडळींस रजा देऊन साबण कारखान्यांतून थेट घरीं पाठवावयाचा, असें ठरलें. 'कारखान्याकडून कुटुंबाकडे' हें कंपनीचें ब्रीद झालें. मधल्या लोकांचा जो नफा वांचला तो ग्राहकास वस्तूंच्या रूपानें परत मिळे. दहा डॉलरांचा माल मागविला कीं तितक्याच किंमतीची म्हणून एखादी वस्तु, म्हणजे दिवा, खुर्ची किंवा लिहिण्याचें मेज, बक्षीस मिळावयाची. परंतु एकदम दहा डॉलर सामान्य गृहिणीजवळ कोठून असावयाचे? तेव्हां दहा बायकांनीं मिळून मंडळ करावें, प्रत्येकीनें दरमहा एक डॉलर घालावा आणि बक्षिसाची वस्तु पाळीपाळीनें एकेकीच्या घरीं जावी, अशी सोय निघाली. आपल्याकडील वाचकांस यांतील भिशी ओळखण्यास वेळ लागणार नाहीं. फरक इतकाच कीं येथें पैशांऐवजीं खुर्ची मिळे आणि शिवाय घरांत साबण येई. बक्षिसांची मागणी पुढें इतकी वाढली कीं चिनी मातीचीं भांडीं पुरविण्यासाठीं १९०१ सालीं कंपनीनें बफेलो पॉटरी हा स्वतंत्र कारखानाच काढला.

या पद्धतीचा एक परिणाम असा झाला कीं साबण जरी कारखान्यांत होत असला, तरी धंदा होत असे तो पत्रांत. दुकानदार नाहीं, दलाल नाहीं; ग्राहक आणि कंपनी यांमध्यें उरला तो एकटा टपालवाला. रोज पांच हजारांच्या आसपास पत्रें येत. कोणी पैसे पाठविलेले असत, कोणाची पेटी फुटलेली असे, कोणास पिवळ्या दिव्याऐवजीं निळा दिवा गेलेला असे. प्रत्येक पत्र फोडावयाचें, पैसे वेगळे करावयाचे, मागणी कारखान्यास कळवावयाची, उत्तर धाडावयाचें आणि पुन्हां त्याच बाईचें पत्र सहा महिन्यांनीं आलें तर तिचा मागचा सर्व व्यवहार क्षणांत हातीं लागला पाहिजे. दुकानदाराच्या डोक्यांत जी ओळख असते ती येथें कागदावर उतरविणें भाग होतें.

हें काम ज्यानें मार्गीं लावलें तो डार्विन डी. मार्टिन. याची आई तो लहान असतांनाच वारली आणि कुटुंब पांगलें. शाळेंत असण्याच्या वयांत तो लार्किनचा साबण विकूं लागला व पुढें बफेलोच्या कचेरींत हिशेबनीस म्हणून आला. जाडजूड खतावण्यांतून एकेका ग्राहकाचें खातें शोधण्याचा त्यास कंटाळा आला आणि त्यानें खतावणीचीं पानें सोडवून प्रत्येक ग्राहकाच्या नांवाचें एक कार्ड केलें. आज हें सांगतांना यांत विशेष तें काय, असें वाटतें. पण लाखों कार्डांच्या या सांठ्यावरच ती सारी उलाढाल उभी होती. १८९३ सालीं हबर्ड धंद्यांतून अंग काढून घेऊन बाहेर पडला (पुढें ग्रंथमुद्रण व हस्तकला यांसाठीं त्यानें काढलेली रॉयक्रॉफ्ट ही संस्था प्रसिद्धच आहे, तो स्वतः १९१५ सालीं लुसिटानिया जहाजाबरोबर बुडाला), आणि मार्टिन कंपनीचा चिटणीस झाला. शाळेचें तोंड धड न पाहिलेला हा मनुष्य आयुष्यभर वाचीत राहिला व पुढें लक्षाधीश झाला. राईटच्या इमारतीचा खरा यजमान लार्किन नव्हे, मार्टिनच होय, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

कारकुनांची संख्या शेंकड्यांवरून हजारांवर गेली तेव्हां स्वतंत्र कचेरी बांधण्याचें ठरलें. १९०२ सालीं मार्टिनचा शिकागोकडील भाऊ स्वतःसाठीं घर बांधण्याच्या विचारांत होता. तो ओक पार्क या उपनगरांत राईटला भेटला आणि भारून जाऊन त्यानें बफेलोस पत्र लिहिलें. राईटचें वय तेव्हां पस्तीस. लुई सलिव्हन या थोर वास्तुशिल्पज्ञाच्या हाताखालीं तो तयार झालेला होता, आणि सलिव्हन व त्याचा भागीदार ॲड्लर यांची गॅरंटी बिल्डिंग १८९६ सालापासून बफेलोंतच उभी होती. तरी स्वतः राईटनें तोंवर मुख्यतः घरेंच बांधलीं होतीं. एवढी मोठी कचेरी त्याच्या हातीं सोंपवावी कीं नाहीं, याविषयीं लार्किनचें मन साशंक होतें. मार्टिननें आपलें वजन खर्च केलें, आणि शिवाय आपलें स्वतःचें घरहि राईटकडूनच बांधून घेतलें.

जागा मात्र कशी होती? चोहोंकडे कारखाने, शेजारून आगगाडीचे रूळ, धुरांड्यांतून रात्रंदिवस कोळशाचा धूर. खिडकी उघडली तर टेबलावरच्या कागदांवर काजळी बसावयाची. अशा ठिकाणीं दुसऱ्या कोणी बहुधा शोभिवंत दर्शनी भिंत उभारून तिच्यामागें अंधाऱ्या खोल्यांची रांग लावली असती. राईटनें उलट केलें. त्यानें बाहेरच्या जगाकडे पाठ फिरविली आणि सर्व इमारत आंतल्या बाजूस उघडली. सुमारें दोनशें फूट लांब व एकशें चौतीस फूट रुंद असा मुख्य भाग. त्याच्या मध्यभागीं तळापासून वरपर्यंत पांच मजल्यांएवढा, शहात्तर फूट उंचीचा एक मोकळा चौक. चौकावर कांचेचें छत. आणि चारी बाजूंनीं प्रत्येक मजल्याचे सज्जे त्या चौकाकडे तोंड करून. जुन्या वाड्यांत वाढलेल्या मराठी मनुष्यास ही रचना अगदींच परकी वाटूं नये. रस्त्याकडे उंच, जवळजवळ आंधळी भिंत आणि आंत मात्र चौकांतून उतरणारा उजेड, ही वाड्याचीहि तऱ्हा आहे. परंतु वाड्याचा चौक आकाशाखालीं असतो, त्यांत पाऊस पडतो, तुळशीला ऊन लागतें. राईटच्या चौकांत आकाश कांचेंतून गाळून येत असे. बाहेरच्या भिंतींत खिडक्या होत्या, पण त्या डोक्याच्या वर. त्यांखालीं भिंतीतच बसविलेलीं पोलादी कपाटें, म्हणजे मार्टिनच्या कार्डांचीं व पत्रांचीं घरें. खिडकीतून उजेड यावा, दृश्य येऊं नये, असा हिशेब.

या इमारतीची एक गोष्ट राईटनें आपल्या आत्मचरित्रांत सांगितली आहे. चुन्याचा नमुना त्याच्या ओक पार्कच्या कार्यशाळेंत तयार होऊन पडला होता, पण त्याच्या मनास चैन नव्हती. कोठें तरी गांठ बसत नव्हती. एकाएकी त्याच्या लक्षांत आलें कीं जिने मुख्य इमारतीच्या पोटांतून काढून चारी कोपऱ्यांवर स्वतंत्र बुरुजांसारखे उभे करावे. तसें केलें म्हणजे मधला भाग अखंड मोकळा होतो, आग लागल्यास माणसें वेगळ्या मार्गानें सुखरूप उतरतात, आणि हवेच्या नळांनाहि याच बाजूस जागा मिळते. यास तीस हजार डॉलर जास्त लागणार होते. पुढच्याच गाडीनें तो बफेलोस गेला आणि कंपनीकडून मान्यता घेऊन आला. राईटला स्वतःच्या गोष्टी रंगवून सांगण्याची हौस होती, हें जमेस धरूनहि यांतील मुख्य मुद्दा खराच मानावा लागतो. कारण छायाचित्रांत प्रथम डोळ्यांत भरतात ते हेच चार बुरूज. एकहि नक्षीदार खिडकी नाहीं, कमान नाहीं, कंगोरा नाहीं. काळसर तांबड्या विटा सरळ वर चढत गेल्या आहेत आणि त्यांच्या भव्यतेचें कारण विचाराल तर आंत जिना आहे.

हवेची व्यवस्था तर त्या काळीं नवलाईचीच होती. इमारत बाहेरून घट्ट बंद, खिडक्यांस दुहेरी कांचा. बुरुजांच्या माथ्याशीं, धुरापासून होईल तितक्या उंचावरून, बाहेरची हवा ओढून घेत; ती तळघरांत नेऊन पाण्याच्या फवाऱ्यांतून धुवून काढीत; हिंवाळ्यांत गरम करून नळांवाटे मजल्यामजल्यावर सोडीत. पुढें ती थंड करण्याचीहि सोय झाली. येथें सांगण्यासारखा योगायोग असा कीं विलिस कॅरियर यानें एका छापखान्यासाठीं हवेंतील दमटपणा ताब्यांत ठेवण्याचें जें यंत्र १९०२ सालीं योजिलें, तें याच बफेलो शहरांतील एका कंपनीच्या नोकरींत असतांना. आणि वातानुकूलन या अर्थाचा इंग्रजी शब्द प्रथम वापरांत आला तोहि १९०६ सालीं, म्हणजे ही कचेरी पुरी झाली त्याच वर्षीं. दमटपणावर पुरता ताबा नसल्यामुळें लार्किनच्या कचेरीस आजच्या अर्थानें वातानुकूलित म्हणतां येणार नाहीं, असें रेनर बॅनहम या इतिहासकारानें १९६९ सालीं दाखविलें. तें खरेंच असेल. पण धुरानें भरलेल्या मोहल्ल्यांत दिवसभर स्वच्छ हवेंत बसावयास मिळालेल्या कारकुनांनीं हा भेद काढण्याची तसदी घेतली असेल असें वाटत नाहीं.

उजेड, हवा, जिने येथवर राईटचें काम थांबलें नाहीं. मेजें आणि खुर्च्याहि त्यानेंच योजिल्या, आणि त्या लांकडाच्या नव्हेत, पोलादाच्या. कांहीं खुर्च्या मेजाच्या पायासच जोडलेल्या होत्या. कारकून उठला कीं खुर्ची फिरवून आंत सारावी, म्हणजे झाडूवाल्यास जमीन मोकळी. शौचकूपांचीं भांडीं जमिनीवर न ठेवतां भिंतीस टांगलेलीं होतीं, कारण तेंच. जमिनीस मॅग्नेसाईटचा थर होता. त्यायोगें आवाज बसे व पायांस जमीन टणक लागत नसे. इतक्या विचारांत एक ठिकाणीं मात्र राईटचें पाऊल घसरलें, किंवा खरें म्हणजे इतरांचें घसरलें. त्यानें एक तीन पायांची खुर्ची केली होती. तिच्यावर बसणारा जरा पुढें वाकला कीं ती कलंडत असे, आणि कचेरींतील मंडळींनीं तिचें नांव 'आत्महत्येची खुर्ची' असें ठेविलें होतें. घर सुंदर व्हावें म्हणून माणसानें नीट बसावें, अशी अपेक्षा ठेवणारे वास्तुशिल्पज्ञ आपल्याकडेहि पाहावयास मिळतात.

आतां त्या चौकाच्या तळाशीं कोण बसत असे तें पाहूं. जुन्या छायाचित्रांत मेजांच्या लांब रांगा दिसतात; मेजांपाशीं पांढऱ्या पोलक्यांतील बायका, कारण अठराशेंच्या घरांत असलेल्या या कामकऱ्यांत बायकांचाच भरणा मोठा; आणि त्यांच्यामध्येंच, कोणताहि पडदा वा खोली न घेतां, कंपनीचे मोठे अधिकारी बसलेले. मार्टिन तेथें, कायद्याचें काम पाहणारा हीथ तेथें. ज्याच्या शब्दावर हजारोंची नोकरी अवलंबून तो मनुष्य सर्वांच्या देखत लिहीत बसला आहे, ही गोष्ट त्या काळीं नवी होती. कोणास ती लोकशाही वाटली. परंतु छायाचित्र दुसऱ्यांदा पाहिलें म्हणजे एक निराळाच विचार मनांत येतो. वरच्या चारी मजल्यांवरून तळ दिसतो आणि तळावरून वरचे सज्जे दिसतात. येथें कोणीच दृष्टीआड नाहीं. साहेब लपलेला नाहीं हें खरें. पण कारकुनानेंहि जांभई कोठें द्यावी?

चौकाच्या भिंतींवर सोनेरी अक्षरांत तीन तीन शब्दांचे चौदा गट कोरलेले होते: औदार्य, परार्थ, त्याग, सचोटी, निष्ठा, इमान, सहकार, काटकसर, उद्योग, बुद्धि, उत्साह, संयम, असे. वर येशूच्या गिरिप्रवचनांतील वचनें. बाहेर दाराशीं रिचर्ड बॉक या मूर्तिकारानें घडविलेला कारंजा, आणि त्यावर प्रामाणिक श्रमास धनी लागत नाहीं व साध्या न्यायास गुलाम लागत नाहींत, अशा आशयाचें वाक्य. कारंजावरील हें वाक्य जेथें पगारपत्रकावर सही झाल्याशिवाय कोणाची चूल पेटत नसे तेथें वाचतांना मौज वाटते. तथापि हें सारें निव्वळ ढोंग होतें असें म्हणणें अन्यायाचें होईल. कामकऱ्यांसाठीं वाचनालय होतें, विश्रांतीची जागा होती, पांचव्या मजल्यावर स्वयंपाकघर व भोजनगृह होतें, त्याच्या शेजारीं झाडें लावलेलीं होतीं, गच्चीवर विटांची फरसबंदी करून फिरण्यास जागा केली होती, आणि पुढें पुढें चौकांत ऑर्गनहि बसविण्यांत आला. साबण विकून नफा करणाऱ्या माणसांनीं कारकुनांस देवळाएवढा उंच चौक बांधून दिला, आणि त्याच चौकांत त्यांच्यावर नजरहि ठेविली. या दोहोंतील एकच गोष्ट खरी मानण्याचा मोह आवरला पाहिजे. दोन्ही एकाच मनांतून निघाल्या होत्या, आणि मार्टिनसारखा, कारकुनीपासून वर चढलेला मनुष्य त्यांत विरोध आहे असें कधीं समजला असेल असें वाटत नाहीं.

विद्वानांस इमारत प्रथम आवडली नाहीं. रसेल स्टर्जिस या नांवाजलेल्या टीकाकारानें १९०८ सालीं एका प्रमुख वास्तुशिल्पविषयक मासिकांत तिला अतिशय कुरूप ठरविलें. जिकडे तिकडे चौकोनी कोपरे, सावली देणारी एक रेघ नाहीं, डोळ्यानें रेंगाळावें असें कांहीं नाहीं, हा त्याचा रोख. राईटनें त्यास उत्तर लिहिलें. त्याच सुमारास त्यानें अशीहि भूमिका मांडली होती कीं आगबोट, आगगाडीचें इंजिन किंवा लढाऊ जहाज ज्या अर्थानें कलाकृति म्हणतां येईल, त्याच अर्थानें ही कचेरीहि कलाकृति आहे. स्टर्जिस रसिक होता, पण त्याचे डोळे जुन्या मोजमापांत तयार झालेले होते. त्या बुरुजांवर नक्षी शोधणें म्हणजे आगगाडीच्या इंजिनास तोरण नाहीं म्हणून खंत करणें. युरोपांत मात्र निराळें घडलें. १९१०-११ सालीं बर्लिनमध्यें राईटच्या कामाचे मोठे चित्रसंग्रह प्रसिद्ध झाले. १९११ सालीं हॉलंडचा बेर्लाख, ॲम्स्टरडॅमच्या सुप्रसिद्ध व्यापारभवनाचा कर्ता, अमेरिकेच्या प्रवासांत बफेलोस आला, त्यानें ही कचेरी आंतबाहेर पाहिली आणि स्वदेशीं परतल्यावर व्याख्यानांतून तिची मुक्तकंठानें स्तुति केली. बफेलोंतील कारकुनास जी रोजची जागा होती ती ॲम्स्टरडॅमच्या तरुण विद्यार्थ्यांस नव्या युगाची खूण वाटूं लागली.

पण या काळांतच तिच्या पायाखालचा धंदा सरकूं लागला होता. खेड्यांतील गृहिणी पत्रानें साबण मागवीत असे, कारण तिच्याजवळ दुकान नव्हतें. मोटारी आल्या, रस्ते झाले, साखळीदुकानें गांवोगांव निघालीं; मग दहा डॉलरांच्या पेटीची वाट कोणी पाहावी? कंपनीनें स्वतःचीं दुकानें काढून पाहिलीं, पण ज्यांनीं दुकानदारास रजा देऊन नांव मिळविलें त्यांस दुकानदारी साधली नाहीं. १९२५ सालीं मार्टिन निवृत्त झाला, पुढच्या वर्षीं लार्किन वारला. १९२९ च्या मंदींत मार्टिनची बहुतेक संपत्ति गेली आणि १९३५ सालीं तोहि गेला. त्याचें घर कित्येक वर्षें ओस पडलें होतें. पुढें फार दिवसांनीं तें दुरुस्त होऊन आज लोक तें पाहावयास जातात. कचेरीच्या नशिबीं तें नव्हतें.

ती कोणास विकावी, हाच प्रश्न होता. १९३९ सालीं चौकाच्या भोंवतीं मालाचीं दालनें मांडून तिचें दुकान करण्यांत आलें. १९४३ सालीं ती पेनसिल्व्हेनियांतील एका कंत्राटदारास विकली गेली. १९४५ सालीं कर थकल्यामुळें बफेलोच्या नगरपालिकेनें ती ताब्यांत घेतली. नगरपालिकेनें जाहिराती दिल्या. घेणारे आले नाहींत. आणि येथेंच या इमारतीचें खरें दुर्दैव आहे. भाड्यानें देण्याजोग्या खोल्या तिच्यांत नव्हत्या. मधली जागा चौकानें खाल्लेली. खिडक्या डोक्यावर, त्यांतून बाहेरचें कांहीं दिसावयाचें नाहीं. मेजें-कपाटें एकाच तऱ्हेच्या कामासाठीं भिंतीला खिळलेलीं. साबणाच्या पत्रव्यवहारास ती हातमोज्यासारखी बसली होती. पण तो हातच राहिला नाहीं, आणि दुसऱ्या कोणाच्या हातांत तो मोजा शिरेना. शेजारीं त्याच कंपनीचीं साधीं, चौकोनी, कोणासहि नांव ठाऊक नसलेलीं गोदामें होतीं. त्यांत काय वाटेल तें ठेवतां येत असे, आणि तीं आजहि उभीं आहेत. एका मोठ्या गोदामाच्या तर आतां कचेऱ्या झाल्या आहेत.

रिकाम्या कचेरीच्या कांचा पोरांनीं फोडल्या, तांबें व धातु चोरांनीं काढून नेली, पाऊस आंत येऊं लागला. १९४९ सालीं एका व्यापारी कंपनीनें पांच हजार डॉलर देऊन ती घेतली. मालवाहू मोटारींचा तळ करावा असा तिचा हेतु होता. वर्तमानपत्रांत थोडे निषेध छापले गेले, पण शहराला त्यांत रस नव्हता. राईट तेव्हां ऐंशीच्या पुढें होता. ज्यांनीं ही इमारत बांधवून घेतली त्यांस ती म्हणजे आपल्या कारखान्यांपैकीं एक कारखाना, यापलीकडे कांहीं वाटलें नाहीं, असा विषाद त्यानें पूर्वींच व्यक्त केला होता. त्यांत मार्टिनवर अन्याय होतो. इतरांविषयीं त्याचें म्हणणें नाकारणें कठीण आहे.

१९५० सालीं पाडण्याचें काम सुरू झालें आणि तें लौकर आटपेना. विटा घट्ट होत्या, दहा इंच जाडीच्या सिमेंटच्या तक्तपोशा होत्या, आणि त्यांखालीं चोवीस इंची पोलादी तुळया. पाडणारांस महिने लागले. तुळया वेस्ट व्हर्जिनियांतील कोळशाच्या खाणींत आधार देण्यासाठीं गेल्या. ज्या कोळशाच्या धुरापासून कारकुनांना वांचविण्यासाठीं हा सारा खटाटोप झाला होता त्याच कोळशाखालीं. मोटारींचा तळ त्या जागीं झालाच नाहीं. विटा आणि दगड ओहायो बेसिन नांवाची जुनी गोदी बुजविण्यास वापरले गेले, आणि त्या भरावावर पुढें बाग झाली.